क्रॉलर दगडावर उलटते, काय करू?

प्रश्न : मुलासाठी १:१६ मापाची, स्वस्तातली तयार रॉक क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटवरची गाडी) मागवली. अंगणात ठीक चालते. ओढ्यातल्या दगडांवर मात्र उलटते, नाहीतर मध्येच बंद पडते. फसलो का?
– एक वाचक, पिशोर (ता. कन्नड)

उत्तर : फसला नाहीत. ही गाडी पळायला नव्हे, चढायला बनवलेली असते. तिच्या ॲक्सलची डावी-उजवी चाकं एकत्रच फिरतात, म्हणून एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं जोर लावतं. ट्रॅक्टरचा डिफरेन्शियल लॉक हेच करतो.

उलटण्याचं कारण बहुधा वर चढलेलं वजन. टपावरचं कॅरिअर, सुटा टायर ही सगळी शोभा आधी उतरवा. मग टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची चिकट वजनं पुढच्या रिममध्ये आतून लावा. शिशाची नकोत, लोखंडी मागा. पुढचा भाग जड झाला की चढावर नाक उचललं जात नाही. चढताना ट्रिगर हळूच दाबायचा. चाक अडकलेलं असताना दाबून धरला की करंट वाढतो आणि मोटार तापते. बंद पडली की थंड होऊ द्या, बॅटरीही तपासा.

सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटार, बदलायची घाई नको. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत पाच तारांचा सर्व्हो असतो, बाजारातला नेहमीचा तीन तारांचा थेट बसत नाही. तुमच्याकडचा काळा बेसॉल्ट खरखरीत, पकड उत्तम मिळेल. शेवाळलेले दगड आणि पाणी तेवढं टाळा.