मोटारींतील गाण्यामागची शीळ

विद्यार्थिमित्रहो, ओह्मचा नियम फळ्यावर लिहिला कीं तुमच्यापैकीं कित्येकांच्या मुद्रेवर "याचा उपयोग काय?" हा प्रश्न उमटतो. त्याचें एक उत्तर मला सूसच्या खिंडींत मिळालें.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील भाड्यानें मोटार चालवितात. त्यांनीं डिकींत अँप्लिफायर बसवून घेतल्यापासून इंजिन सुरू होतांच गाण्यामागें बारीक शीळ ऐकूं येई. "अँप्लिफायरच बदला," असें कारागिरानें सांगितलें. आणि त्या खर्चापायीं मुलाची फी पुढें ढकलण्याचें घरांत घाटत होतें. "सर, एकदां आपण पाहाल का?" असें मुलानें मला विचारलें.

आम्ही तिघे पाषाणहून सूसकडे निघालों. खिंड चढतांना इंजिनाचे फेरे वाढले, तशी शीळही चढली. उतारावर ती खालीं आली. पुढें गाडी उभी करून इंजिन बंद केलें व गाणें चालूं ठेवलें, तों शीळ नाहींशी! अर्थात् तिचें मूळ अल्टरनेटरांत. तो प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. डायोड त्यास एकाच दिशेचा करतात, तरी थोडी लहर उरतेच. पण ही लहर प्रत्येक मोटारींत असते. ती गाण्यांत शिरली कोठून, हाच खरा प्रश्न.

पुन्हां इंजिन सुरू करून गाण्याचा आवाज अगदीं कमी केला. शीळ मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे आवाजाच्या बटणाच्या पुढें कोठें तरी ती शिरत होती. मग अँप्लिफायर बंद करून गाण्याच्या तारा काढल्या व तो पुन्हां चालूं केला: पूर्ण शांतता. अँप्लिफायर निर्दोष होता!

मोटारींतील 'अर्थिंग' हा शब्द जरा फसवा आहे. रबरी चाकांवरील मोटार पृथ्वीशीं जोडलेली नसते. तिचा पत्रा हीच प्रवाहाची बॅटरीकडे परतण्याची सामाईक वाट. डिकींतील अर्थिंगची तार रंगावरच स्क्रूनें आवळलेली आढळली. सांध्याचा रोध १/१०० ओह्म धरा व प्रवाह १० अँपिअर, गुणाकार ०.१ व्होल्ट. गाण्याचा संदेशच एकदोन व्होल्टांचा, त्यांत एवढी भेसळ कानांस सहज कळते. परतीची वाट अडली कीं कांहीं प्रवाह गाण्याच्या तारेच्या जाळीदार वेष्टनांतून वाट काढतो व लहर सोबत नेतो. १८२७ सालीं हा नियम प्रसिद्ध करणारा ओह्म कोलोनच्या शाळेंत शिक्षक होता, हें आम्हां शिक्षकांस सांगावयास आवडतें.

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडविली. मुलानें काचकागदानें रंग खरवडून पत्रा उघडा केला, व वडिलांनीं बोल्ट आवळला. शीळ जवळजवळ गेली. कांहीं लोक अशा वेळीं अँप्लिफायरची अर्थिंगच काढून टाकतात. तसें कदापि करूं नये. सर्व प्रवाह मग त्या बारीक वेष्टनांतून जाऊं पाहतो, व तें जळूं शकतें.

पेट्रोलच्या गाडींत टिकटिक ऐकूं आल्यास ठिणगीच्या तारा तपासाव्या. केवळ रेडिओवरच खरखर होत असेल, तर एरिअलचें बूड पाहावें.

पुढचे दिवे लावले म्हणजे या गाडींत अजून किंचित शीळ येते. बॅटरीपासून पत्र्याला जाणारी जाड तार आम्ही उघडलेली नाहीं. येत्या शनिवारीं ती उघडावयाची आहे. काचकागद मुलानेंच आणून ठेवला आहे.