आधीचे वर्ष की वरची ओळ?



नवी मुंबईत नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. संस्था स्थापन झाली १९७१ साली. पण ती ज्या नोंदी पुढे चालवीत आहे, त्या तिच्याहून पुष्कळ जुन्या आहेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १८४१ सालापासून घेतले जाऊ लागले. आज ते काम अलिबागच्या वेधशाळेत चालते. या नोंदींचा साचा साधा असतो : एका रकान्यात दिनांक, शेजारी मोजलेला आकडा. अशा तक्त्यावरून दर वर्षी किती फरक पडला, हे कसे काढावयाचे? प्रश्न वजाबाकीचा दिसतो; पण कशातून काय वजा करावयाचे, यातच खरी मेख आहे.

पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे तिचे चुंबकीय क्षेत्र सावकाश बदलत असते. अलिबागला या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. त्या मानाने एका वर्षातील बदल अगदी लहान असतो. म्हणून हिशेबातील लहानशी चूकही महागात पडते.

समजा, आपण फक्त एकाच तारखेचे आकडे ताडून पाहिले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ झाले आणि कुलाब्याला हा घटक काही काळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. त्या वेळच्या आकड्यातून आदल्या वर्षीचा आकडा वजा केला, तर पृथ्वीचे चुंबकत्व झपाट्याने नाहीसे होत आहे, असेच वाटेल! वादळ ओसरते, वर्षभराची सरासरी घेतली की त्याचा परिणाम बऱ्याच अंशी विरून जातो.

तेव्हा पहिली पायरी सरासरीची. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये यासाठी ‘क्वेरी’ प्रकारचे सूत्र असते. क्वेरी म्हणजे तक्त्याला विचारलेला प्रश्न. त्याचा अर्थ मराठीत असा होईल : ‘दिनांकातून वर्ष काढ, त्या वर्षाच्या नोंदींचा गट कर, प्रत्येक गटाची सरासरी व नोंदींची संख्या दे, वर्षांचा क्रम चढता ठेव.’ नोंदींची संख्या विसरू नका. एखाद्या वर्षाच्या चारच महिन्यांच्या नोंदी असतील, तर तिची सरासरी पूर्ण वर्षाच्या शेजारी बसविता येत नाही. दिनांकही खरोखर दिनांक म्हणूनच भरलेले हवेत. नुसती अक्षरे असतील, तर संगणकाला त्यांतून वर्ष काढता येणार नाही.

आता दुसरी पायरी. एका कल्पित वेधशाळेच्या वार्षिक सरासऱ्या अशा आहेत :

२०१८ – ३८,४००
२०१९ – ३८,४३०
२०२१ – ३८,४९६
२०२२ – ३८,५२०

घाईने प्रत्येक ओळीतून वरची ओळ वजा केली, तर फरक येतात ३०, ६६ आणि २४. मधला ६६ पाहून बदलाचा वेग एकदम दुप्पट झाला, असे वाटेल. पण २०२० ची ओळच तक्त्यात नाही! ६६ हा दोन वर्षांचा फरक आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ३३. संगणक काही चुकला नाही. आपण त्याला ‘वरची ओळ’ सांगितली, ‘आधीचे वर्ष’ सांगितले नाही. योग्य सूत्र असे : ‘या वर्षातून १ वजा कर, येणारे वर्ष तक्त्यात शोध, सापडले तर त्याची सरासरी या वर्षाच्या सरासरीतून वजा कर, न सापडल्यास जागा रिकामी ठेव.’ म्हणजे २०१८ आणि २०२१ यांच्यासमोर काहीच येणार नाही. रिकामी जागा खोट्या आकड्यापेक्षा केव्हाही बरी.

तिसरी अडचण सूत्रालाही दिसत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याचे चुंबकीय वेध बिघडण्याचा धोका निर्माण झाला. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी वेधांसाठी अलिबागची जागा निवडली. तेथील काम १९०४ साली सुरू झाले. पण कुलाब्याचे लगेच थांबविले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. प्रत्येक जागेचे मूल्य थोडे वेगळे असते. एकाच काळातील दोन्हीकडचे आकडे हाती असल्याने हा जागेचा फरक कळला आणि जुनी व नवी नोंदमाला जोडता आली. ट्राम १९०७ साली धावली, तोवर अलिबागचे काम स्थिरावले होते.

आता हे सोडवा. जुन्या ठिकाणच्या दोन वर्षांच्या सरासऱ्या ३८,००० आणि ३८,०३०. त्याच वर्षांच्या नव्या ठिकाणच्या ३७,९०० आणि ३७,९३०. तिसऱ्या वर्षी फक्त नव्या ठिकाणची, ३७,९६५. तिसऱ्या वर्षाचा बदल किती? उणे ६५ म्हणणाऱ्याने दोन जागांतील अंतर मोजले. ३५ म्हणणाऱ्याने पृथ्वीचा बदल मोजला.

आपल्या शाळेतील पावसाच्या नोंदी किंवा घरची विजेची बिले घेऊन हाच प्रयोग करून पाहा. मात्र वजाबाकीपूर्वी तपासा : दोन्ही वर्षे पूर्ण आहेत ना, लागोपाठची आहेत ना, आणि मोजण्याची जागा तीच आहे ना?