शब्दान्ती ‘शन’ : इंग्रजी शब्दांचे एक घराणे

इंग्रजीच्या पुस्तकातील लांबलचक शब्द पाहून मराठी माध्यमाचा विद्यार्थी बिचकतो. घोकलेले स्पेलिंग परीक्षेनंतर विसरले जाते आणि ‘इंग्रजी आपल्यासाठी नाही’ अशी गाठ मनात बसते. वस्तुतः हे शब्द सुटेसुटे नसतात. त्यांची घराणी असतात. त्यांपैकी एका मोठ्या घराण्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

हे घराणे आपणांस अगदीच अपरिचित नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ‘ठेसन’ म्हणते, तेव्हा ती याच घराण्यातील ‘स्टेशन’ हा शब्द उच्चारत असते. त्याच्या शेवटी टी, आय, ओ, एन ही चार अक्षरे येतात व त्यांचा एकत्रित उच्चार ‘शन’ असा होतो. मात्र या चार अक्षरांच्या आधी ‘एस’ आल्यास उच्चार ‘चन’ होतो. उदाहरणार्थ, क्वेश्चन, सजेश्चन. या शब्दांत उच्चाराचा जोर नेहमी शेवटच्या ‘शन’च्या लगेच आधी पडतो. ‘एज्युकेट’मध्ये जोर प्रारंभी आहे, ‘एज्युकेशन’मध्ये तो ‘के’वर येतो.

शब्द कसा तयार होतो?

२० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. या सभेने १९२५ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, ते आपल्या सोलापुरात. सभेचे ब्रीद तीन क्रियापदांचे होते : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. याच तीन शब्दांवरून आपला नियम शिकता येतो.

एज्युकेट म्हणजे शिक्षण देणे. शेवटचा ‘ई’ काढून आय-ओ-एन जोडले की एज्युकेशन, म्हणजे शिक्षण, हे नाम तयार होते. ॲजिटेटचे ॲजिटेशन तसेच होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हलविणे, ढवळणे असा आहे. म्हणून ॲजिटेशन म्हणजे चळवळ आणि मनाची खळबळसुद्धा. ऑर्गनाइझ, म्हणजे संघटित करणे, याचा ‘ई’ काढल्यावर मात्र ए-टी-आय-ओ-एन ही पाच अक्षरे जोडावी लागतात. मग ऑर्गनायझेशन, म्हणजे संघटना, हा शब्द मिळतो.

काही उपयुक्त जोड्या

लिबरेट – मुक्त करणे. लिबरेशन – मुक्ती.
इमॅन्सिपेट – दास्यातून सोडविणे. इमॅन्सिपेशन – दास्यमुक्ती. याच्या मुळाशी ‘हात’ आणि ‘धरणे’ या अर्थांचे लॅटिन शब्द आहेत. दुसऱ्याच्या मुठीतून सुटणे हा त्याचा भाव.
रिप्रेझेंट – प्रतिनिधित्व करणे. रिप्रेझेंटेशन – प्रतिनिधित्व.
रिझर्व्ह – राखून ठेवणे; रिझर्व्हेशन – आरक्षण, मग ते रेल्वेतील असो वा नोकरीतील.
कॉन्स्टिट्यूट – घडविणे, स्थापन करणे. कॉन्स्टिट्यूशन – राज्यघटना. शरीरप्रकृती असाही अर्थ.
मेडिटेट – ध्यान करणे. मेडिटेशन – ध्यान.
ॲनायलेट – समूळ नष्ट करणे. ॲनायलेशन – समूळ उच्छेद. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या ‘ॲनायलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथामुळे हा शब्द आपल्या घरात आला. यात ‘काहीही नाही’ या अर्थाचा लॅटिन ‘निहिल’ दडलेला आहे. त्यातील ‘एच’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही; विद्यार्थ्यांची चूक नेमकी येथेच होते.

जपून लिहावयाचे शब्द

‘शन’ ऐकू आले म्हणजे दर वेळी ‘टी’ लिहावा असे नाही. ‘मिट’ने संपणाऱ्या क्रियापदांपासून होणाऱ्या नामांत दोन ‘एस’ येतात : ॲडमिटपासून ॲडमिशन, परमिटपासून परमिशन. डिस्कसपासून होणाऱ्या डिस्कशनमध्येही दोन ‘एस’ असतात. कन्व्हर्टपासून होणाऱ्या कन्व्हर्शनमध्ये, म्हणजे धर्मांतरात, एकच ‘एस’ असतो.

दूरचे नातलग

लॅटिनमधून आलेला हा प्रत्यय आणि संस्कृतातील ‘ति’ हा प्रत्यय मूळचे एकच आहेत. स्टेशन आणि स्थिती हे दोन्ही शब्द ‘उभे राहणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले. त्याहून विचार करावयास लावणारी जोडी आहे ती ‘नेशन’ आणि ‘जाति’ यांची. दोहोंचे मूळ एक, मूळ अर्थही एकच : जन्म. पालीतही जाति म्हणजे जन्मच. पुढे मात्र वाटा फुटल्या. एका शब्दाने जन्मावरून माणसांना कायमचे वेगळे केले. दुसरा राष्ट्र या अर्थाने निरनिराळ्या कुळांत जन्मलेल्यांना एकत्र आणणारा ठरला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी जाती राष्ट्रविरोधी असल्याचे सांगितले, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात व परस्परांविषयी द्वेष निर्माण करतात. एकाच मुळाचे दोन शब्द परस्परांच्या विरोधात कसे उभे राहिले, हे त्या भाषणाच्या प्रकाशात स्पष्ट दिसते.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी वहीचे एक पान या घराण्यासाठी राखावे. रोज दोन क्रियापदे घेऊन त्यांची नामे तयार करावीत, अर्थ लिहावा व शब्दकोशात पडताळून पाहावा. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही, त्यांनी संकोच करू नये. मुलांना फोन करताना ‘आज कोणते दोन शब्द लिहिलेस? त्यांचा अर्थ मला मराठीत सांग,’ एवढे विचारावे. जो अर्थ आईला समजावून सांगता येतो, तो परीक्षेनंतरही विसरत नाही.