मैफलीचे सभागृह : श्रोत्याच्या दृष्टीने

काही वर्षांपूर्वी गोमंतकातील एका गावी, नव्याने बांधलेल्या सभागृहात शास्त्रीय गायनाची मैफल होती. कामाच्या निमित्ताने मी तेथे उपस्थित होतो. इमारत देखणी, फरशी गुळगुळीत, भिंती पांढऱ्याशुभ्र आणि ध्वनिक्षेपक भरपूर मोठे. विलंबित ख्याल सुरू झाला आणि थोड्याच वेळात एक वयोवृद्ध श्रोते उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मध्यंतरात कारण विचारले असता ते म्हणाले, “गायक उत्तम आहेत हो, पण आत मला दोन-दोन गायक ऐकू येतात. इथे एकच ऐकू येतो.”

गायकाची साधना, साथीदारांचे कौशल्य आणि आयोजकांचा खर्च या सर्वांवर त्या सभागृहाच्या भिंतींनी पाणी फिरविले होते. समाजगृहे व शाळांची सभागृहे गावोगावी उभी राहत असताना, चांगली मैफल ऐकण्यासाठी जागा कशी असावी, याचा विचार बांधकामापूर्वीच होणे अगत्याचे आहे. एकदा स्लॅब पडला की चूक सुधारणे महाग पडते.

प्रतिध्वनी आणि निनाद

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. मूळ ध्वनीनंतर एकदशांश सेकंदाने परतलेला ध्वनी कानाला वेगळा ऐकू येतो. म्हणजेच समोरची कठीण भिंत १७ मीटरपेक्षा दूर असेल तर प्रतिध्वनी उमटू शकतो, हे विद्यार्थी शाळेतच शिकतात. भिंती जवळ असल्या तर परतलेले ध्वनी एकमेकांत मिसळून रेंगाळतात. यास निनाद म्हणतात. थोडा निनाद सुरांना भरीवपणा देतो. तो अजिबात नसेल तर गाणे कोरडे वाटते. मात्र तो फार लांबला तर एका तानेवर दुसरी तान चढते, तबल्याचे बोल पुसट होतात आणि बंदिशीचे शब्द कळेनासे होतात. भाषणासाठी निनाद सुमारे एक सेकंद वा त्याहून कमी असावा, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपासचा मानवतो. आपल्या ख्यालगायनाला या दोहोंमधील प्रमाण योग्य ठरते.

या विषयाचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस साबिन यांनी घालून दिले. १८९५ मध्ये विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहाचे काम त्यांच्याकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या आणून, रात्रीच्या शांततेत मोजमापे घेत, त्यांनी निनादाचा नियम शोधला. सभागृहाच्या घनमीटरांतील घनफळाला ०·१६१ ने गुणावे व एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे निनादाचे सेकंद मिळतात. उघडी खिडकी ध्वनी परत पाठवीत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हे त्यांनी शोषणाचे एक माप मानले.

एक उदाहरण

२० मीटर लांब, १२ मीटर रुंद व ५ मीटर उंच असे समाजगृह घेऊ. त्याचे घनफळ १,२०० घनमीटर व आतील सर्व पृष्ठभाग ८०० चौरस मीटर भरतो. गिलावा, सिमेंट आणि लादी ध्वनीचा जेमतेम शेकडा चार भाग शोषतात असे धरल्यास एकूण शोषण ३२ होते आणि रिकाम्या सभागृहाचा निनाद सुमारे सहा सेकंद येतो. असे घर म्हणजे विहीरच!

आता प्रत्येक श्रोत्याचे शोषण ०·४५ धरू. २०० श्रोते बसले की निनाद १·६ सेकंदांवर येतो. परंतु श्रोते ५० च असतील तर तो साडेतीन सेकंद राहतो. गर्दीच्या लग्नसमारंभात न जाणवलेला दोष मोजक्या रसिकांच्या मैफलीत का जाणवतो, याचे उत्तर येथे मिळते. ५० श्रोते असताना भिंतींवर ६० चौरस मीटर जाड, चुणीदार पडदे सोडले तर निनाद सुमारे २·३ सेकंद होतो. आणखी २० चौरस मीटर खिडक्या-दारे उघडली तर तो १·९ च्याही खाली येतो. हे आकडे ढोबळ असले तरी निर्णयाची दिशा दाखविण्यास पुरेसे आहेत.

आपल्या जुन्या सभामंडपांच्या रचनेतही हेच गमक दिसते. बाजूंनी मोकळा मंडप, वर उतरते कौलारू छप्पर, खाली जाजम आणि गायकासमोर दाटीने बसलेले श्रोते अशा बैठकीत ध्वनी कोंडून राहत नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या ज्या भूमीत जन्मल्या, तेथे हे ज्ञान विसरले जाऊ नये.

अंतर, दृष्टी आणि शांतता

श्रोत्याला गायकाची मुद्रा आणि तबलजीचा हात दिसला पाहिजे. १९८० मध्ये मुंबईत उघडलेले टाटा थिएटर ध्वनिवर्धकाविना कला सादर करता यावी अशा हेतूने रचले गेले. तेथे सुमारे हजार श्रोते रंगमंचाभोवती पंख्याच्या आकारात बसतात. पणजीत मांडवीकाठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली कला अकादमीची वास्तूही सर्वपरिचित आहे. अशी वास्तू प्रत्येक गावी होणे शक्य नाही. तथापि वरील समाजगृहात मंच आखूड भिंतीऐवजी लांब भिंतीच्या मध्यावर मांडणे सहज शक्य आहे. त्यायोगे समोरची भिंत २० ऐवजी १२ मीटरवर येते, स्पष्ट प्रतिध्वनी टळतो आणि शेवटचा श्रोताही गायकाच्या जवळ येतो.

ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविल्याने निनाद कमी होत नाही. उलट तोही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून लहान क्षेपक, श्रोत्यांकडे वळवून, बेताच्या आवाजात ठेवावेत. जनित्र इमारतीपासून दूर असावे. करकरणारे पंखे आधीच दुरुस्त करून घ्यावेत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे. राज्य शासन वर्षातील मर्यादित दिवशी, फार तर मध्यरात्रीपर्यंत, सवलत देऊ शकते. बंदिस्त सभागृहात, आतील श्रोत्यांपुरत्या वापरास मात्र ही मनाई नाही. रात्री उशिराचे मालकंस, दरबारी यांसारखे राग प्रत्यक्ष ऐकावयाचे तर चांगल्या सभागृहावाचून गत्यंतर नाही.

याखेरीज खेळती हवा, स्वच्छ प्रसाधनगृहे, बाहेर उघडणारे पुरेसे दरवाजे, वृद्ध व अपंगांसाठी उतार आणि शेवटची बस मिळेल अशी कार्यक्रमाची वेळ, याही श्रोत्यांच्या आवश्यक गरजा होत.

पहिली परीक्षा

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह आपल्या गावच्या रिकाम्या सभागृहात एकदा जोराने टाळी वाजवून पाहावी. नाद किती सेकंद रेंगाळतो ते घड्याळावर मोजावे, लांबी-रुंदी-उंची मोजून गणित मांडावे आणि ते पंचायतीपुढे ठेवावे. पडद्यांचा खर्च नव्या ध्वनिक्षेपकांच्या खर्चाहून जास्त असेलच असे नाही. जाणत्या श्रोत्याला व्हरांड्यात जाऊन बसावे लागू नये, एवढे भान आराखडा मंजूर करताना ठेवले तरी पुष्कळ साधेल.