कोयनेचा भूकंप आणि चार देशांच्या नोंदी

बदलापूरजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : धरणात एवढे पाणी साठले म्हणजे भूकंप होतो, हे खरे का? प्रश्न भाबडा नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात १९८३ च्या मे महिन्यापासून जमीन वारंवार हादरू लागली होती आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रिश्टर मापनावर सुमारे ४.९ चा धक्का बसला होता. हे धरण मुंबईला पाणी पुरवते.

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका देशाला एकट्याने शोधता आले नसते. ते कसे मिळाले, ही हकीकत कोयनेपासून सांगावी लागते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. रिश्टर मापनावर तो ६.३ होता. लोक झोपेत होते. सुमारे १८० माणसे दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात दोन्ही अंगांना तडे गेले. धरणाच्या पोटातील गॅलरीत एक त्वरणलेखक बसवलेला होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीला गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके त्वरण मिळाल्याची नोंद त्याने केली. धरणाचा आराखडा करताना हा आकडा केवळ ०.०५ धरलेला होता! अर्थात त्या काळी जगात बहुतेक ठिकाणी असेच लहान आकडे धरून धरणे बांधली जात असत.

हा भूकंप भूवैज्ञानिकांनाही अनपेक्षित होता. दख्खनचे पठार म्हणजे प्राचीन, स्थिर भूभाग. भूकंप व्हायचे ते हिमालयात, आसामात किंवा कच्छमध्ये, असा समज होता. मात्र कोयनेच्या जलाशयात १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले, त्यानंतर लवकरच आसपासच्या गावांना बारीक हादरे जाणवू लागले होते. म्हणून १९६३ मध्ये तेथे भूकंपलेखक बसवण्यात आले. हादरे जलाशयाच्या जवळपासच होत होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या तीन महिने आधी, पाचाहून अधिक मापनाचा एक धक्का बसून गेला होता.

मग दोष धरणाचा? तज्ज्ञांत दोन तट पडले. एक म्हणत, काळ आणि स्थळ दोन्ही जुळतात, आणखी पुरावा कशाला हवा. दुसरे म्हणत, कोंबडा आरवतो आणि मग उजाडते, म्हणून कोंबड्यामुळे उजाडते असे ठरत नाही. दुसऱ्यांचा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने रास्त होता. प्रयोगशाळेत शंका आली तर आपण प्रयोग पुन्हा करतो. कोयनेचा प्रयोग पुन्हा करायचा तर तसेच दुसरे धरण बांधून, भरून, वाट पाहत बसायला हवे!

पण हा प्रयोग जगात इतरत्र, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आधीच होऊन गेलेला होता. अमेरिकेत हूवर धरणामागचे मीड सरोवर १९३०च्या दशकात भरले, तेव्हा तेथे हादरे सुरू झाले होते आणि कार्डर या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये पाण्याची पातळी व हादरे यांचा संबंध दाखवला होता. ते हादरे लहान होते. पुढे मोठे आले. चीनमधील शिनफंगच्यांग धरणाजवळ मार्च १९६२ मध्ये ६.१ चा भूकंप झाला. आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करिबा येथे सप्टेंबर १९६३ मध्ये ६.२ चा, ग्रीसमधील क्रेमास्ता येथे फेब्रुवारी १९६६ मध्ये जवळजवळ तेवढाच, आणि मग कोयना. चारही ठिकाणी शंभर मीटरांहून उंच धरण होते आणि भूकंप झाला तो जलाशय भरू लागल्यापासून थोड्याच वर्षांत.

यांपैकी तीन घटना कोयनेच्या आधीच्या आहेत हे लक्षात घ्या. त्या एका सूत्रात ओवल्या गेल्या त्या मात्र १८० माणसे गेल्यानंतर. आधी ओवल्या असत्या तर कोयनेचा भूकंप टळला असता असे नाही. पण सप्टेंबरातल्या धक्क्याकडे निराळ्या नजरेने पाहिले गेले असते, असे मला वाटते.

हे ओवण्याचे काम कसे झाले? स्ट्रासबर्गचे भूकंपशास्त्रज्ञ रोथे यांच्याकडे अनेक देशांतील भूकंपांच्या नोंदी जमा होत असत. त्यांनी १९६८ मध्येच कोयना, करिबा, क्रेमास्ता यांना एकत्र ठेवून जलाशय आणि भूकंप यांचा संबंध लोकांपुढे मांडला. युनेस्कोने मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांचा कार्यगट नेमला. १९७३ मध्ये लंडनला आणि १९७५ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. चीनमधील सविस्तर माहिती बाहेरच्यांच्या हाती पडायला मात्र १९७०चे दशक उजाडावे लागले.

या सर्वांच्या मुळाशी एक यंत्रणा होती आणि तिची जन्मकथा मजेशीर आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेने सुमारे ६० देशांत मिळून १२० च्या आसपास भूकंपकेंद्रांना एकाच बनावटीचे भूकंपलेखक दिले. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकॅनॉल आणि आपले पुणे येथे ते बसले. हेतू होता चोरून केलेले भूमिगत अणुस्फोट पकडण्याचा. पण यंत्र सारखे, घड्याळ सारखे, नोंदीची पद्धत सारखी, त्यामुळे पुण्याचा आलेख आणि अथेन्सचा आलेख प्रथमच शेजारी ठेवून वाचता येऊ लागला. राष्ट्रांच्या परस्पर संशयातून उभी राहिलेली ही व्यवस्था भूकंपशास्त्राच्या पथ्यावर पडली.

एका केंद्राच्या आलेखावरून काय कळते? भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात, दुय्यम लहरी सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने. कोयनानगर बदलापूरपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे. तेव्हा पहिली लहर येथे सुमारे ३३ सेकंदांनी पोचेल, दुसरी ५७ सेकंदांनी. अंतर २४ सेकंदांचे. उलट जाऊन, २४ सेकंदांवरून २०० किलोमीटर काढता येतात. पण ते कोणत्या दिशेला, हे एका केंद्राला सांगता येत नाही. नकाशावर तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळे काढावी, ती छेदतील तेथे भूकंप. खोलीही हवी असेल तर आणखी केंद्रे लागतात.

आता मुख्य कोड्याकडे वळू. धरणाचे पाणी भूकंप कसा घडवते? कोयनेचा जलाशय पूर्ण भरला तर त्यात सुमारे २८० कोटी टन पाणी मावते. त्या ओझ्याने खडक मोडत असेल असे प्रथमदर्शनी वाटते. हिशेब करून पाहा. १०० मीटर खोल पाण्याचा तळावरील दाब म्हणजे साधारण १० वातावरण. आणि ५ किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचा दाब? खडकाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली तर तो सुमारे १३०० वातावरण येतो. पाण्याने त्यात एक टक्कासुद्धा भर घातलेली नाही.

तेव्हा नुसत्या ओझ्याने भागत नाही. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गरम पाण्याने धुतलेला काचेचा ग्लास ओल्या ओट्यावर पालथा घाला. थोड्या वेळात तो आपोआप सरकू लागतो. आत कोंडलेली हवा तापते, तिचा दाब वाढतो, ग्लासच्या वजनाचा काही भाग ती उचलून धरते. ओट्यावर ग्लासच्या काठाचा दाब कमी होतो आणि घर्षण त्या दाबावर अवलंबून असल्यामुळे तेही घटते. ओट्याला पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जो किंचित उतार असतो, तो आधीही होताच. ग्लास २०० ग्रॅमचा आणि त्याचे तोंड ३० चौरस सेंटिमीटरचे असेल, तर त्याचे सगळे वजन पेलायला हवेचा दाब एका वातावरणाच्या एक टक्क्याहूनही कमी वाढला तरी पुरतो. त्यासाठी हवा फक्त २ अंशांनी तापावी लागते.

जमिनीखाली ओटा म्हणजे भ्रंश, खडकातील जुनी भेग. तिच्या दोन बाजूंना एकमेकींवरून सरकवू पाहणारा ताण हजारो वर्षे साचत आलेला असतो आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. जलाशयाचा दाब फटींतील पाण्यातून हळूहळू खोल पोचतो. फटींतले पाणी दोन्ही बाजूंना थोडे दूर रेटते, घर्षण कमी होते आणि भ्रंश घसरतो. सूत्रात मांडायचे तर घर्षण = घर्षणांक × (खडकाचा दाब – फटींतील पाण्याचा दाब). भूकंपाची ऊर्जा पाण्याने दिलेली नसते, ती खडकात आधीच साठलेली असते. बंदूक ठासून भरलेली होती, पाण्याने चाप ओढला. म्हणूनच जेथे खडक मोडण्याच्या बेतात नाही, तेथे धरण कितीही भरले तरी काही घडत नाही.

या उपपत्तीला पुष्टी मिळाली ती धरणाशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लष्करी कारखान्याचे विषारी सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरीत दाबाने सोडले जाऊ लागले आणि काही आठवड्यांतच तेथे हादरे सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणे बंद केले. तरी सर्वांत मोठे धक्के बसले ते १९६७ मध्ये. दाब खडकातून पसरायला वेळ घेतो तो असा. पुढे कोलोरॅडोतीलच रेंजली तेलक्षेत्रात पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून हादरे वाढतात व कमी होतात हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये अशा भूकंपांची समान लक्षणे मांडली. जलाशयाची पातळी किती वेगाने वाढते, ती किती उंचीपर्यंत जाते आणि वरच्या पातळीवर किती काळ राहते, या तीन गोष्टी पाहायच्या. मोठ्या धक्क्याआधीच्या लहान धक्क्यांची ठेवणही नेहमीच्या भूकंपांहून वेगळी असते. गुप्ता आणि रस्तोगी यांचा ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हा ग्रंथ १९७६ मध्ये निघाला आणि तो परदेशांतही वाचला गेला. भातशाला १९८३ मध्ये जमीन हलू लागली, तेव्हा काय मोजायचे हे ठाऊक होते ते यामुळे. कोयनेच्या गॅलरीतील त्या त्वरणलेखकाचा आलेखही भारताने स्वतःपाशी ठेवला नाही. भूकंपात धरणाला तडा कसा जातो याचे गणित करणारे जगभरचे अभियंते आजही आपले गणित तपासायला कोयनेची नोंद घेतात. आपल्या धरणाचे तडे जगाला दाखवणे सोपे नसते.

आता बारवीचे उत्तर देता येते. जगात पन्नास हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांतील शंभराहून काहीशा अधिक ठिकाणी असे भूकंप नोंदले गेले आहेत. बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली असली तरी तिचा साठा कोयनेच्या तुलनेत फारच लहान आहे. तेव्हा धरण भरले म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र पावसाळ्यानंतर लहान हादरे जाणवू लागले तर ते अफवा म्हणून सोडून न देता कळवावेत आणि मोजावेत. आणि धरणाजवळचा प्रत्येक हादरा धरणामुळेच, असेही धरून चालू नये.

कोयनेला मात्र जमीन अजून थांबलेली नाही. दक्षिणेचे वारणा धरण भरू लागल्यावर १९९३ पासून तिकडेही हादरे वाढले. १९६७ पासून पाच किंवा अधिक मापनाचे वीसहून अधिक भूकंप तेथे झाले, आणि तेही सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा चिमुकल्या पट्ट्यात. भूकंप नेमका कोठे होणार हे इतके ठाऊक असलेली जागा जगात विरळाच. म्हणून आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक वेधन कार्यक्रमाच्या सहभागाने २०११ मध्ये जगभरचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि तेथे खोल विंधन घ्यायचे ठरले. आधी दीड किलोमीटरपर्यंतची विवरे झाली. मग २०१६-१७ मध्ये गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदले गेले. त्यात काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. हा सगळा अभ्यास कराडच्या प्रयोगशाळेतून चालतो. भ्रंश घसरतो त्या खोलीवर, घसरण्याच्या आधी, फटींतील पाण्याचा दाब प्रत्यक्ष किती असतो, हे मोजणे हा या कामाचा पुढचा टप्पा आहे.