प्रेक्षकाला पाठ असलेलं नाटक

हौशी मंडळाच्या बैठकीत कुणी 'यंदा संशयकल्लोळ करू या' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. नवं नाटक सुचवलं तर विषय काय, पात्रं किती, लोक येतील का, अशा शंभर शंका निघतात. संशयकल्लोळकार देवलांचं नाव निघालं की एकही नाही. नाटक लोकांना आवडतं, आपल्यालाही आवडतं, म्हणजे निम्मं काम झालं असं जो तो धरून चालतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आवडतं नाटक बसवणं नव्या नाटकापेक्षा जड जातं, कारण प्रेक्षक डोक्यात एक प्रयोग घेऊनच नाट्यगृहात शिरतो आणि तुमचा प्रयोग त्याच्याशी ताडून बघतो. आमच्या सांगलीकडे तर विचारूच नका. विष्णुदास भावे इथले, देवल पलीकडच्या हरिपूरचे. इथल्या पहिल्या रांगेतल्या आजोबांना संशयकल्लोळमधल्या अश्विनशेठच्या पदाचा अंतरा गाणाऱ्याच्या आधी आठवतो, आणि तो ते मनातल्या मनात गुणगुणत नाहीत.

शाळेची नोकरी सांभाळून मी नाटकं बसवत आले. आमच्यात बँकेतले, पोस्टातले, विम्याचे एजंट, एक दातांचे डॉक्टर. मानधन कुणालाच नाही. संशयकल्लोळच्या वेळी जे घडलं ते लिहून ठेवते आहे, कारण दिवाळी झाली की कुणी ना कुणी 'बाई, आम्हीही तेच धरलंय' म्हणत घरी येतं.

आधी परवानगीचं बोलू, कारण तिकडे सगळे शेवटी वळतात. देवल १९१६ साली गेले, त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं संशयकल्लोळ रंगभूमीवर आणलं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात, तेव्हा देवलांच्या संहितेला आज कुणाची परवानगी नको. पण 'जुनं आहे, कोण विचारतं' हा हिशेब सगळीकडे लावू नका. अत्र्यांच्या नाटकांचे हक्क २०२९ संपेपर्यंत चालू आहेत, शिरवाडकरांचे २०५९ पर्यंत, पुलंचे २०६० पर्यंत. हौशी मंडळानं फुकट प्रयोग केला तर कायद्यात सवलत आहे, हे खरं. मात्र 'देणगी सन्मानिका' छापून दारात पैसे घेतले की तो फुकटचा प्रयोग राहत नाही, नाव काहीही द्या. शेजारच्या गावातल्या एका मंडळाला प्रयोगाच्या आदल्या दिवशी वारसांच्या वकिलाचं पत्र आलं होतं. रंगीत तालीम सोडून मंडळी फोनाफोनी करत बसली. वारस बहुतेक वेळा चांगले असतात, मानधनही झेपेल एवढंच सांगतात. विचारलं नाही याचाच त्यांना राग येतो. परवानगी लेखी घ्या. आणि जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रत फाइलला लावून ठेवा. एवढं झालं की कागदाचा विषय संपला.

आता खरा घोळ. आमचा फाल्गुनराव, म्हणजे नाटकातला संशयी नवरा, पोस्टातून निवृत्त झालेला, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पहिल्या वाचनाला आला तो पुस्तक न उघडता. सगळं पाठ. मला आनंद व्हायला हवा होता, पण दोन पानांतच लक्षात आलं की त्यांनी नाटक पाठ केलं नव्हतं, एक चित्रफीत पाठ केली होती. मोबाइलवर कुठला तरी प्रयोग बघून बघून त्यातल्या नटाचा श्वास, मान वळवणं, खाकरणं सगळं उचललं होतं. तालमीत ते खपून गेलं, कारण तालमीला येणाऱ्यांनीही तीच फीत पाहिली होती. शेजारच्या गावी पहिला प्रयोग लावला तेव्हा त्याचं रूप दिसलं. एका वाक्यानंतर फाल्गुनराव थांबले. त्या फितीत तिथे हशा होता. इथे हशा आला नाही. तरीही ते थांबलेच, चेहऱ्यावर हशा ओसरायची वाट बघणारं अर्धं हसू. समोर बायको कृत्तिका पुढचं वाक्य ओठावर घेऊन उभी, नोकर भादव्या विंगेत एक पाय पुढे टाकून. एवढ्याशा थांबण्यानं पुढचा सगळा प्रवेश सैल पडला.

फाल्गुनराव म्हटलं की जुन्यांना गणपतराव बोडस आठवतात, नव्यांना प्रशांत दामले. त्यांनी केलं ते त्यांच्या प्रेक्षकांसमोर, त्यांच्या कृत्तिकेसमोर. ते उसनं घेता येत नाही. म्हणून पहिली अट घाला: संहिता हातात पडल्यापासून प्रयोग होईपर्यंत कुणीही जुन्या फिती बघायच्या नाहीत. लोक चोरून बघतात, हे मला माहीत आहे. निदान तालमीत 'पण त्यात तर असं आहे' हे वाक्य बंद होतं.

नुसती बंदी घालून भागत नाही, तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. संशयकल्लोळची गंमत अशी की यात खलनायक नाही. प्रत्येकानं अर्धंच पाहिलेलं असतं आणि उरलेलं अर्धं तो मनानं भरतो. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, कृत्तिकेला तेवढंच दिसतं. रेवतीच्या हातून तिच्या अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. तिच्या हातात परपुरुषाची तसबीर, तेवढंच फाल्गुनरावाला दिसतं. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती बघून अश्विनशेठचं डोकं फिरतं. मूळ कल्पना मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनातली, ती आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आली. पण देवलांनी तिला असं काही मराठी घरात आणून बसवलं की पाहुणी कोण हे ओळखू येऊ नये. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देण्याची युक्तीही त्यांचीच.

तर आम्ही तालमीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा कागद लावला. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रवेशांचे आकडे. प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट: या घटकेला या माणसानं डोळ्यांनी काय पाहिलंय आणि काय नुसतं धरून चाललाय. तालीम सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला विचारायची, 'तुला आत्ता काय ठाऊक आहे?' पोस्टातले काका पहिल्यांदा चिडले. म्हणाले, 'बाई, मला सगळं नाटक ठाऊक आहे.' मी म्हटलं, 'तुम्हाला असेल हो, फाल्गुनरावाला नाही.' त्या दिवसापासून त्यांचं थांबणं हळूहळू गेलं, कारण माणूस समोरच्याचा खोटेपणा पकडायला निघाला की हशासाठी थांबायला त्याला सवड नसते. हशा येतो तो त्या घाईवर. हा कागद कुणीही लावावा, एकांकिकेलासुद्धा.

कापाकापीबद्दल. देवलांच्या काळातली संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, आज नाट्यगृहाची वेळ भरली की दिवे विझवायला माणूस येतो. कापावं तर लागतंच. पण हौशी मंडळी कापतात ते गद्य. पदं सगळ्यांची लाडकी, म्हणून त्यांना हात लागत नाही, आणि 'हे नुसतं बोलणं आहे' म्हणत नेमके माहिती देणारे संवाद उडवले जातात. आमच्याकडे कुणीतरी तसबीर सापडण्याआधीचा लहानसा तुकडा कमी करा म्हणून हट्ट धरला होता. तो उडाला तर पुढे सगळं नाटक कशावरून भांडतंय हे नव्या प्रेक्षकाला कळणार नाही. उलट करा: पदांमधल्या ताना, आलाप, परतून येणारं ध्रुवपद कमी करा. दोन पदं पूर्ण ठेवा, बाकीची मुखडा आणि एका अंतऱ्यात आटोपा. गायक रुसतो. रुसू द्या.

गायक की नट, हा वाद प्रत्येक मंडळात होतो. माझं मत स्पष्ट आहे: फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या नट हवेत, तिथे तडजोड नको. अश्विनशेठ आणि रेवती गायचे हवेतच, पण गाताना समोरच्याकडे बघता येणारे. पदाच्या वेळी इतरांनी काय करायचं हे आमच्याकडे कुणी बसवतच नाही. गाणारा गातो आणि बाकीचे फोटोला उभे राहिल्यासारखे. रेवतीच्या पदात अश्विनशेठनं काय ऐकलं, कुठल्या ओळीवर त्याचा चेहरा बदलला, हे ठरवून बसवा. वन्समोअर मिळाला तर कुठून परत उचलायचं हेही आधी ठरवा. रंगमंचावर उभं राहून ऑर्गनवाल्याकडे बघत खुणा करू नयेत.

पट्टीचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच सोडवा. आमचा अश्विनशेठ काळी एकचा, रेवती काळी चारची. दोघांची पदं लागोपाठ येतात तिथे साथीदारांना श्वास घ्यायला मधे गद्याची दोन-चार वाक्यं लागतात, ती कापू नका. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर तालमी करून शेवटच्या दोन दिवसांत ऑर्गन-तबला आणायचा, ही सार्वत्रिक खोड आहे. तानपुरा तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढेही पळत नाही. माणूस दोन्ही करतो. त्याची सवय लागायला वेळ द्यावा लागतो. साथीदारांना मानधन द्या, आणि ते अंदाजपत्रकात झालरी-फ्लॅटच्या वर लिहा. नेपथ्य साधं चालतं. एक खिडकी, एक दार, रस्ता सुचवणारी जागा. बेसूर ऑर्गन चालत नाही.

वस्तूंची गोष्ट एकाच वस्तूवरून सांगते. आमची तसबीर पोस्टकार्डाएवढी होती. रंगीत तालमीला मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले तर कृत्तिका तळहाताकडे बघून लाजतेय असं दिसत होतं. वहीच्या पानाएवढी केली, लाकडी चौकट, काचेऐवजी नुसता कागद, कारण काच दिव्याखाली चमकते आणि आतला चेहरा पुसून टाकते. आणि आत आमच्याच अश्विनशेठचा फेटा बांधलेला फोटो. आधी त्यात एका सिनेनटाचं चित्र होतं, कुणी गमतीनं घातलेलं. ते पाहून कृत्तिकेला रोज हसू फुटायचं. एवढं करूनही प्रयोगाला तसबीर मेकअपच्या खोलीत राहिली. तिच्याबरोबर सेल्फी काढणं चाललं होतं. कृत्तिका रस्त्यावर वाकली, तिथे काहीच नाही. मुलगी हुशार, तिनं कमरेचा रुमाल काढून त्यात काहीतरी गुंडाळलंय असं करून निभावून नेलं; फाल्गुनरावांनी तो रुमाल हिसकला आणि तसबिरीबद्दल बोलू लागले. लोक हसले, पण नाटकावर नाही, आमच्यावर. तेव्हापासून नियम: वस्तूंच्या टेबलावर खडूनं चौकोन आखायचे, प्रत्येकात वस्तूचं नाव. तिसरी घंटा व्हायच्या आधी एका माणसानं सगळे चौकोन भरलेत का बघायचं, आणि त्या माणसाला नाटकात भूमिका नसावी. तसबिरी दोन करा. दुसरी विंगेत टांगलेली असू दे.

एक नाजूक बाब. कृत्तिका करणारी मुलगी एकदा तालीम संपल्यावर म्हणाली, 'बाई, हा माणूस बायकोवर पाळत ठेवतो आणि लोक हसतात. मला विचित्र वाटतं.' वाटलंच पाहिजे. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून तिच्यावरचा संशय लोकांना सोपा जातो, हेही खरंच. काही मंडळी यावर उपाय म्हणून व्हॉट्सॅपचे, चालू राजकारणाचे विनोद घुसवतात. नका घुसवू. देवलांनी कृत्तिकेला नवऱ्याइतकीच संशयी आणि नवऱ्याहून तिखट केलंय; तिच्या वाक्यांना पुरतं वजन द्या, रेवतीचा मान शेवटपर्यंत सांभाळा, म्हणजे हसू फाल्गुनरावाच्या मूर्खपणावर येतं. आमच्या मुलीनं पुढे त्याच्या आवाजावर आवाज चढवला आणि बायकांच्या बाजूनं टाळी आली.

बाकी चहा, वाहतूक, फलक, पाहुण्यांची भाषणं याबद्दल सांगण्यासारखं नाही. भाषणं प्रयोगाआधी ठेवू नका, एवढंच.

आणि नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी ऑर्गनवाल्याला आणि तबलजीला फोन करा. पदं वाजवता येणारे साथीदार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि लग्नसराईत तेही मिळत नाहीत.