वेळासची कासवे

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठी वेळास गाव आहे. थंडीच्या दिवसांत रात्री कासवाची मादी तिथल्या वाळूत येते. मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते. शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांची वाट पाहत नाही.

पूर्वी गावातलेच लोक ही अंडी उकरून नेत. राहिलेली कोल्ही-कुत्री खात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले. तेव्हापासून गावकरी पहाटे वाळूत कासवाचा माग काढतात. अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. उबवायचे काम वाळूच करते!

पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. तळहातावर मावतील एवढीशी. त्यांना पाण्यात टाकायचे नाही बरं का! वाळूवर सोडले की ती आपली आपण समुद्राकडे जातात. फक्त किनाऱ्यावर दिवा नको. रात्री उजेड दिसला की पिल्ले फसतात, आणि समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतात.